पाचवी चिंधी

९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. आठ पानं. त्यातली मला दोन कळली, पहिलं आणि शेवटचं. मधल्या सहा पानांत नुसता तुझा तो इंजिनावरचा डबा. तरी मी सगळं आबांना वाचून दाखवलं. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं म्हणून ओरडून वाचलं. समोरचा टायरवाला बाहेर येऊन विचारतो, "सकाळी सकाळी कोणाशी भांडताय?" म्हटलं, भावाशी. तो लांब राहतो म्हणून जोरात.

आबा ऐकून घेतात. त्यांचं आपलं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते अजूनही सांगतात. दहातले सात बरोबर निघतात. पूर्वी दहाच्या दहा निघायचे.

तू मागितलेल्या कार्बनच्या पुड्या सोबत आहेत. सहा. कुठल्या इंजिनातून काढला ते वरती लिहिलंय. एक नंबर टॅक्सीचा. मालक रोज शर्ट बदलतो, ऑइल वर्षातून एकदा. कार्बन दगडासारखा, छिन्नी लावावी लागली. दोन नंबर दूध टाकणाऱ्या गाडीचा. दर दारात बंद, दर दारात चालू, इंजिन बिचारं कधी नीट तापतच नाही. म्हणून मऊ, काजळासारखा. बाकीचे तू वाच, माझा हात दुखला.

टायरवाला म्हणतो, तुमच्या भावाचा डबा चालला तर तुमचा धंदा बसेल. बसू दे. तीस वर्षं इंजिनांची हेडं उघडून कार्बन खरवडतेय, उजवा खांदा निखळायला आलाय. तुला आठवतं ना, मला बघायला पाहुणे आले होते आणि मी गाडीखाली होते? त्यांना माझे पायच तेवढे दिसले. पाय पसंत पडले नसावेत. तेव्हा इंजिनं स्वच्छ राहिली तर मी खुर्ची टाकून बसेन, माझी काही तक्रार नाही.

तू येतोस कधी? आठ पानांत तेवढंच नाही.

ताई

१ मार्च

प्रिय ताई,

पुड्या पोचल्या. तुझ्या चिठ्ठ्या इथल्या लोकांनी भिंतीवर लावल्यात. "रोज शर्ट बदलतो" हे वाक्य आता आमच्याकडे माप झालंय. खूप कार्बन साठला की म्हणतात, हा शर्टवाला दिसतो.

मधली सहा पानं कळली नाहीत हा माझाच दोष. पुन्हा सांगतो. इंजिन पळताना थोडा धूर पिस्टनच्या कडेनं निसटून खाली ऑइलमध्ये उतरतो. तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडतो आणि येताना ऑइलचा बारीक तुषार घेऊन येतो. तो आपण हवेच्या वाटेनं परत इंजिनाला पाजतो. तेच ऑइल व्हॉल्व्हवर बसतं, जळतं, आणि मग तू खरवडतेस. माझा डबा त्या वाटेवर मध्ये बसतो. आतली जाळी ऑइल धरून ठेवते, थेंबाथेंबानं खाली सोडते, पुढे जाते ती नुसती हवा. पहिला डबा पत्र्याचा होता आणि आत तुझी भांडी घासायची तारेची घासणी होती. तू दोन दिवस ती शोधत होतीस.

आता कंपनीला हा डबा सगळ्या नव्या इंजिनांवर बसवायचाय. अडलंय माझ्या सहीवाचून. साहेब दर सोमवारी दारात उभे राहतात.

मी सही करत नाही, ताई. बोटवाल्याचं इंजिन माझ्या डोक्यातून जात नाही. दहाला निघालं आणि एकला नदीच्या मध्यात सगळं ऑइल बाहेर फेकून जाम झालं. बोट पुलाच्या खांबावर आदळली. आत धूर कोंडला, सील फुटलं, हे सगळ्यांनाच कळलं. पण डबा तीन तासांत तुंबला कसा? इथे मी मुद्दाम घाणेरडं ऑइल घातलं, ओली थंड हवा सोडली, जाळीवर साय धरावी तसा थर धरवला. तरी तुंबायला चाळीस तास लागतात. त्या बोटीत नऊ माणसं होती. कारण कळल्याशिवाय हजारो गाड्यांवर हा डबा कसा चढवू?

आणि घरी तरी कुठल्या तोंडानं येऊ? आबा म्हणाले होते, "काय चुकलं ते कळेल तेव्हाच दुकानाची पायरी चढ." अकरा वर्षं झाली, मला कळलेलं नाही.

तो जुना डबा कुठे पडलाय का? मिळाला तर पाठव. नळ्यांसकट.

तुझा धाकटा

२२ मार्च

धाकट्या,

डबा नाही. भंगारात गेला. कधीच गेला.

आबा रागात बोलले होते. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. मी तर राग नसतानाही बोलते. ते वाक्य तू काय ताईत करून गळ्यात बांधून बसलायस?

बोटवाल्याची बोट रोज जाते-येते. त्याला आबांनी तेव्हाच दुसरं इंजिन बसवून दिलं, ते अजून चालतंय. काठावर भेटला की विचारतो, "माझा शत्रू कसा आहे?" हसून विचारतो. नऊच्या नऊ माणसं धडधाकट आहेत. त्यातल्या दोघांनी तर एकमेकांशी लग्न केलं. ते भांडले की बोटवाला म्हणतो, हेही तुझ्या भावाच्या खात्यात.

तेव्हा सही करून टाक आणि ये. तुझी खाट मागच्या खोलीत आहे तशी आहे. तिच्यावर मी गॅस्केटची खोकी रचलीत. कळवलंस तर तासाभरात रिकामी करीन. खिडकीखाली तू खिळ्यानं कोरलेलं इंजिनाचं चित्र आहे. दोनदा रंग दिला, तरी दिसतंच.

ताई

३० एप्रिल

प्रिय ताई,

डबा गेला हे वाचून वाईट वाटलं, पण तुझ्या दोन नंबरच्या पुडीनं मला वाट दाखवली. दूधवाल्याचा मऊ कार्बन. त्यात पाणी आहे. बोट तर पाण्यावरच असते, इंजिन गार, हवा ओली. मला वाटतं, बोटवाल्याच्या ऑइलमध्ये असं काहीतरी होतं की पाण्याशी मिसळून ते जाळीवर एका दमात घट्ट बसलं. त्याला विचार ना, तेव्हा तो कुठलं ऑइल वापरत होता? मी पाच वेगवेगळी ऑइलं मागवलीत. एकेका चाचणीला दीड महिना लागेल. वर्ष जाईल. साहेब वैतागलेत, पण "तुमचंच काय ते होऊ दे" म्हणाले.

इथे सगळं पांढरं आहे, ताई. भिंती, कोट, हातमोजेसुद्धा. इंजिन काचेच्या पलीकडे पळतं आणि आपण अलीकडे आकडे बघायचे. आवाज येत नाही. रॉकेलचा वास नाही. कोणी कोणावर खेकसत नाही. तुझी दोन नंबरची पुडी मी टेबलाच्या खणात ठेवलीय. कधी कधी उघडून वास घेतो. परवा बाजूच्या माणसानं पाहिलं. आता तो माझ्याशी जरा जपून बोलतो.

कारण सापडलं की येतो. तुझी खोकी आत्ताच हलवू नकोस.

तुझा धाकटा

३ जुलै

धाकट्या,

घाबरू नकोस, कोणी पडलं-झडलं नाही. मंगळवारी आबांनी एका गाडीच्या इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर लावला. बराच वेळ तसेच उभे. मग मूठ कानावरून काढली आणि माझ्या हातात दिली. "तूच ऐक. मला आता काही येत नाही."

तेव्हापासून ते दारातल्या स्टुलावर बसतात. रस्त्याकडे तोंड करून. हात मांडीवर. त्यांचे हात असे रिकामे मी कधी बघितले नव्हते. रोज एकदा विचारतात, "धाकट्याला कळलं का?" मी मोठ्यानं म्हणते, नाही. ते मान हलवतात.

बोटवाल्याला ऑइलचं विचारलं नाही. विचारणारही नाही. चाचण्या मरू देत, तू ये.

ताई

१९ जुलै

प्रिय ताई,

पत्र चार वेळा वाचलं.

पहिल्या ऑइलनं काहीच निघालं नाही. बावन्न तास चालूनही जाळी साफ. दुसरं कालच सुरू केलं. आबांना म्हणावं, जरासं थांबा. अजून चार आहेत, एकात तरी सापडेल. त्यांच्यासमोर रिकाम्या हातानं उभं राहणं मला जमणार नाही. ते काही बोलणार नाहीत, माहीत आहे. तेच तर जमणार नाही.

बोटवाल्याला विचार. तू एवढी का अडून बसलीस ते मला कळत नाही.

तुझा धाकटा

२ ऑगस्ट

धाकट्या,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बस.

सोबतच्या पाकिटात एक चिंधी आहे. निळ्या चौकड्यांची, ऑइलनं काळी पडलेली. ती बाजूला ठेव आणि आधी वाच.

आबांची शिस्त तुला पाठ आहे. इंजिन उघडलं की मोकळ्या झालेल्या प्रत्येक तोंडाला चिंधीचा बोळा. कण आत जाता कामा नये. बोळे लावताना मोजायचे, काढताना मोजायचे. हेड काढलं की तोंडं चार. हवा आत जायचं, धूर बाहेर पडायचं, ऑइल भरायचं आणि ब्रीदरचं. चार लावा, चार काढा. मी बारा वर्षांची असल्यापासून करतेय. झोपेत करीन.

तू आदल्या संध्याकाळी बोटवाल्याच्या इंजिनाला डबा बसवलास आणि आनंदानं घरभर नाचलास. सकाळी आबा म्हणाले, बोट दहाला निघणार आहे, त्याआधी हेड उतरवून खरवडून दे. वेळ थोडा होता. मला धीर कधी असतो? भराभर सगळं सोडवलं. तुझी नळीही डब्यावरून सोडवली आणि तिच्याही तोंडात बोळा कोंबला. खोल कोंबला, शिस्तच तशी. खरवडलं, सगळं परत चढवलं, बोळे काढले. एक, दोन, तीन, चार. झालं. नळी डब्याला जोडली आणि बोटवाल्याला म्हटलं, जा.

तोंडं पाच होती, धाकट्या. पाचवं तुझं होतं, नवीन. माझ्या हातांना चारच माहीत होती.

दुपारी बोट ओढून आणली. आबा तुझ्यावर ओरडत होते आणि तू मान खाली घालून उभा होतास. मी मागच्या बाजूला इंजिन उघडत होते. नळी सोडवली तर आतून ही चिंधी निघाली. ओली, गरम. मी ती खिशात घातली. का, ते विचारू नकोस. मला वाटलं, आबा शांत झाले की सांगू. संध्याकाळी सांगू. उद्या सांगू. उद्या उठले तर तुझी खाट रिकामी.

मग काय सांगायचं आणि कोणाला? पहिलं वर्ष तुझा पत्ताच नव्हता. पत्ता आला तेव्हा तू लिहिलंस की नोकरी लागली, डब्यावरच काम मिळालं. म्हटलं, चला, बरंच झालं की. अशी मी माझी समजूत घालत राहिले. मी सगळ्यांना तोंडावर बोलते, टायरवाल्याला, गिऱ्हाइकाला, आबांना. हे एवढं अकरा वर्षं तोंडातून निघालं नाही.

डबाही भंगारात गेलेला नाही. माळ्यावर आहे. घासणीसकट.

काल आबांना सांगितलं. हळू सांगायचं होतं, पण त्यांना ऐकूच येत नाही. त्यामुळे ओरडून सांगितलं. टायरवाल्यानंही ऐकलं, ऐकू दे. आबांनी चिंधी मागून घेतली, बोटांनी चाचपली. म्हणाले, "ही माझ्या सदऱ्याची." मग ती माझ्या हातात परत ठेवत, "बोळे लावायला मी शिकवलं. त्याचं नवं तोंड कितवं, ते मी तरी कुठे विचारलं?" नंतर जेवले नाहीत.

तुला कारण हवं होतं ना? हे घे. ऑइल नाही, पाणी नाही, तुझा डबाही नाही. मी.

आता तू मला काय हवं ते म्हण. पण त्या काचेमागे उरलेली ऑइलं घेऊन बसू नकोस.

ताई

३० ऑगस्ट

ताई,

पत्र मिळालं. चिंधी मिळाली.

अकरा वर्षं मी एका चिंधीचा अभ्यास करत होतो. एप्रिलमध्ये मी ऑइलबद्दल लिहिलं, तेव्हाही तू गप्प राहिलीस. ते मला सगळ्यात जास्त लागलं. त्या दिवसाचं एक वेळ समजू शकतो, एप्रिलचं नाही.

काही दिवस पत्र पाठवू नकोस.

२७ सप्टेंबर

पाठवू नकोस म्हणालास, तरी पाठवतेय. उत्तर देऊ नकोस.

खाटेवरची खोकी हलवलीत. येशील म्हणून नाही. त्यांच्याकडे बघवत नव्हतं म्हणून.

आबा आता "कळलं का" विचारत नाहीत. स्टूल तिथेच आहे. पोस्टमन आला की उठून उभे राहतात, त्याची पिशवी पुढे गेली की बसतात. मी बोळ्यांना आता हातभर शेपूट ठेवते, बाहेर लोंबेल असं. गिऱ्हाइकं हसतात. म्हणतात, इंजिनाला लुगडं नेसवलंय का?

एवढंच.

ताई

२९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

बरेच दिवस काहीच केलं नाही. कामाला जायचो, काचेसमोर बसायचो. आतून राग येत होता आणि मग मध्येच तुझ्या त्या "एक, दोन, तीन, चार"वर हसू यायचं. त्याचाही राग यायचा.

मग एका सोमवारी साहेब दारात आले. मी म्हटलं, एक शेवटची चाचणी राहिलीय. तुझी चिंधी घेतली आणि नळीत कोंबली, तुझ्यासारखी, खोल. पांढरे हातमोजे काढून. खोलीतली सगळी माणसं कामं सोडून बघत होती. इंजिन सुरू केलं. दोन तास पन्नास मिनिटं, आणि सील फुटलं. काचेच्या पलीकडे ऑइलचा फवारा उडाला. ताई, मी टाळ्या वाजवल्या. वेड लागलंय असंच वाटलं असेल त्यांना.

आता पुढचं ऐक. कोंडलेला धूर सोडून द्यायला मी डब्याच्या झाकणात एक झडप केली होती. त्या अपघाताच्या भीतीनंच केली होती. ती उघडलीच नाही. उघडणार कशी? तुंबलं होतं डब्याच्या आधी. मी अकरा वर्षं डब्यावर पहारा ठेवला आणि चोर नळीत. गाड्या दुरुस्त करणारी माणसं जगभर नळ्यांत बोळे कोंबतात. कोणीतरी कुठेतरी विसरणारच. सही केली असती तर हजारो गाड्यांवर झडप चुकीच्या जागी गेली असती.

आता ती डब्यात नाही, थेट इंजिनाच्या अंगाला बसवलीय. तीच चिंधी परत कोंबली आणि इंजिन सुरू केलं. झडप उघडली, इंजिन दोनशे तास चाललं. मीच बंद केलं. सही केली.

राग गेला असं लिहिणार नाही. गेलेला नाही. तो समोरासमोर बोलायचा आहे, तूही मोठ्यानं बोल, म्हणजे आबांनाही ऐकू जाईल. सगळं टायरवाल्याच्या देखत.

सोबत खोकं पाठवतोय. आत नवा डबा आहे, बोटवाल्याच्या इंजिनासाठी. झडप कुठे बसते त्याचं चित्र काढलंय, तुला कळेल असं. माझा शत्रू मला बोटीवर घेतो का, तेही विचारून ठेव. हेड उतरव, खरवड, बोळे लाव. या वेळी तोंडं पाच, त्यांची गणती मी डब्यावर कोरलीय. पाचव्यासाठी तुझीच चिंधी खोक्यात परत ठेवलीय. तिला हातभर शेपूट शिवलंय.

काम झालं की चार तू काढ. पाचवी राहू दे. ती मी येऊन काढतो.

तुझा धाकटा

१४ नोव्हेंबर

धाकट्या,

शिवणकाम घाणेरडं आहे. टाके बघून आबा हसले. पाच महिन्यांनी हसले.

डबा बसवला. बोटवाला म्हणतो, तू आलास की पहिली फेरी तुझी, पण पुढच्या टोकाला बसायचं, खांबाच्या बाजूला. खाटेला नवी चादर घातलीय. खिडकीखालचं चित्र रंगवलं नाही.

मोजलं. एक, दोन, तीन, चार, निघाल्या. पाचवी आहे तिथे आहे, शेपूट बाहेर लोंबतंय. आबांनी स्टूल दारातून उचलून इंजिनापुढे टाकलंय. कोणाला हात लावू देत नाहीत. मलाही नाही.

ताई